तुझ्या नावावरचा स्कॅन

दादा,

तुझं तेरावं उरकलं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी मला इस्पितळातून फोन आला. "वसंत गावडे का? तुमचा वर्षाचा सीटी स्कॅन पुढच्या मंगळवारी आहे. चार तास आधीपासून काही खाऊ नका. आणि तुमचे भाऊ शांताराम गावडे, त्यांचा फोन लागत नाही. त्यांचाही त्याच दिवशी आहे. निरोप द्याल ना?" पोरगी नवीन असावी. मी म्हटलं, देतो. फोन ठेवला आणि मग लक्षात आलं आपण काय कबूल करून बसलो ते. तर हा निरोप समज.

खरं सांगायचं तर मी त्या मंगळवारी जाणारच नव्हतो. तुला सांगायला आता काय लाजायचं? स्कॅनची भीती नव्हती. त्या मशिनीत मी इतक्या वेळा झोपलोय की ती मला नावानिशी ओळखत असेल. भीती डॉक्टरीणबाईंची होती. त्यांच्यासमोर बसलो की एक प्रश्न विचारावा लागणार, आणि त्याचं उत्तर मला नको होतं. सात वर्षांपूर्वी तुझ्या नावाने मी स्कॅनला आत गेलो. तुझी पाळी मी घेतली. नंतर तीन महिन्यांनी तुझ्या पोटात गळती निघाली. आणि आता, तू गेलास त्याच्या आदल्या दिवशी तुझ्या पोटाचा तातडीने स्कॅन केला, असं वहिनीच्या तोंडून ऐकलं. पुढचं मी कोणाला विचारलं नाही. स्मशानात लोक म्हणत होते, वय झालं होतं, सुटले. मी मनात म्हणत होतो, पोटातलं फुटलं असणार, आणि ते माझ्यामुळे.

हे सगळं सुरू झालं ते तुझ्या गॅसपासून. गॅस कसला, वहिनीच्या हातच्या वड्यांवर ताव मारून पोट डब्ब झालं होतं तुझं. त्यासाठी सोनोग्राफी केली आणि निघालं भलतंच. पोटातली मोठी रक्तवाहिनी, हृदयाकडून खाली पायांकडे जाणारी, तिला मध्येच फुगा आलेला, सायकलच्या ट्यूबला येतो तसा. दुखत नाही, खुपत नाही, आणि एक दिवस फुटला की माणूस जागेवर संपतो. आपण सगळे गार पडलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोट फाडायची गरज नाही. जांघेत बारीक छेद घेऊन तिथून एक कापडी नळी वर सरकवायची, फुग्याच्या आत बसवायची. रक्त नळीतून वाहील, फुग्यावर दाब येणार नाही. त्यांनी टेबलाच्या खणातून नमुना काढून तुझ्या हातात दिला.

त्यानंतर त्या बोलत राहिल्या आणि तू काही ऐकलं नाहीस. वीस वर्षं गिरणीच्या साचाखात्यात, मागांवर काढलेला माणूस तू, हातात कापड आल्यावर दुसरं काय ऐकणार! अंगठ्यात आणि बोटात धरून चोळलंस, उजेडाकडे धरलंस, डोळे बारीक केलेस. तारेच्या कड्या तुला दिसल्याच नाहीत. "ह्या कापड खंयच्या साच्यार विणला?" बाई गोंधळल्या. मी भाषांतर केलं, की कुठल्या मागावर विणलंय विचारतोय. त्या म्हणाल्या, कंपनीत विणतात, मला ठाऊक नाही. "हेका किनार नाय," तू मला म्हणालास. "सलग नळी विणलेली हा. कामगार चांगलो आसतलो." आणि मग बाईंकडे वळून म्हणालास, "घाला." सही कुठे करायची तेवढंच विचारलंस.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी तू चाळीच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसलास. लालबागमध्ये असं एक घर राहिलं नाही, जिथे तुझ्या पोटातल्या कापडाची बातमी पोचली नाही. मला वाटलं, झालं, मिटलं. पण बाईंनी सांगून ठेवलं होतं, की नळी बसवली म्हणजे काम संपलं नाही. ती जागेवरून सरकू शकते. तिच्या बाहेरून, मागच्या बारीक शिरांतून, जुन्या फुग्यात पुन्हा रक्त झिरपू शकतं. वरून काहीही कळणार नाही. म्हणून दर वर्षी स्कॅन करून बघायचं, जन्मभर. मी म्हटलं, ही कसली दुरुस्ती? तू माझ्यावर उखडलास. कापड साच्यावरून उतरलं म्हणजे पास झालं का? तपासणीच्या टेबलावरून जाईपर्यंत त्याला कोण कापड म्हणतो? एवढं तुला पटलं होतं, आणि एकदा पटलं की तू कोणाच्या बापाचं ऐकणारा नव्हतास.

तेव्हापासून स्कॅनचा दिवस म्हणजे तुझी पहिली पाळी. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा सदरा, जुन्या फिल्मा वर्षवार लावलेल्या पिशवीत, आणि वेळेच्या एक तास आधी परळला हजर. गिरणीत उभ्या आयुष्यात तुझी एक पाळी चुकली नव्हती. ही पण तू चुकवणार नव्हतास. म्हणून तर त्या दिवशी तू जे केलंस ते मला अजून पचत नाही.

पण ते सांगण्याआधी संपाचं सांगायला हवं. तुझ्यामाझ्यात ते कधी सांगितलंच गेलं नाही.

तू कायम कामगार होतास, मी बदली. हल्लीच्या पोरांना हे समजावून सांगावं लागतं. बदलीवाल्याने रोज पाळी सुरू व्हायच्या आधी गेटावर जाऊन उभं राहायचं. आत कोणी गैरहजर असेल तर जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, बोट दाखवणार, की तू ये. मग त्या गैरहजर माणसाच्या जागेवर, त्याच्या साच्यांवर, दिवसभर काम करायचं. नाव पुकारलं की आपण "हो" म्हणायचं, नाव कोणाचं का असेना. मी नऊ वर्षं असा उभा राहिलो. शेकडो माणसांच्या नावाला "हो" म्हटलं असेन.

मग संप आला. तू पहिल्या दिवसापासून बाहेर. मीही बाहेरच, कारण आत असतंच कोण माझं? महिने गेले. आई आजारी, घरात चूल कधी पेटायची, कधी नाही. आठव्या महिन्यात जॉबरने मला निरोप पाठवला. गिरणी थोडे साचे चालू करतेय, माणसं हवीत. मी गेलो. बंद ट्रकमधून मागच्या गेटाने आत नेलं आणि उभं केलं ते नेमकं तुझ्या दोन साच्यांसमोर. मी ते चालवले. पाचव्या दिवशी बाहेर पडताना तू समोरच्या फुटपाथवर उभा होतास, आपल्या माणसांबरोबर. ते मला काय काय बोलले ते सगळं मला पाठ आहे. तू एक शब्द बोलला नाहीस. तोंड फिरवलंस. संध्याकाळी घरी आलो तर माझी ट्रंक आणि वळकटी दाराबाहेर होती.

मी वरळीला बीडीडी चाळीत एका गाववाल्याच्या खोलीत पथारी टाकली. चार महिन्यांनी गिरणीने ते साचेही बंद केले आणि मी तुझ्यासारखाच रस्त्यावर आलो. तू ठाकूरद्वारला एका वाडीत वॉचमन झालास. मी भायखळ्याच्या भाजीबाजारात लिंबं-मिरची घेऊन बसलो. आईच्या दिवसांनासुद्धा आपण एकमेकांच्या बाजूला बसलो आणि बोललो नाही. अकरा वर्षं! मग एक दिवस माझ्या टोपलीसमोर येऊन उभा राहिलास. "लिंबां कशी दिलंस रे?" मी भाव सांगितला. "मेल्या, लुटतंस काय?" म्हणालास, सहा लिंबं निवडून घेतलीस, दाबून दाबून, आणि पुढच्या रविवारी जेवायला ये म्हणून सांगून गेलास. मी आलो. वहिनीने बांगड्याचं तिखलं केलं होतं. झालं, तेवढ्यावर सगळं मिटलं. किंवा मिटलं असं आपण धरून चाललो. मी का गेलो आत, हे तू विचारलं नाहीस. लोकांना मी सांगायचो, पोटासाठी गेलो. वहिनी पण माझी बाजू घेऊन तेच सांगायची. तू गप्प असायचास.

आता तो दिवस. तुझी नळी बसून चार वर्षं झाली होती. डॉक्टरीणबाईंनी तुला सांगितलं होतं, हा आजार रक्तात असतो, सख्ख्या भावाने एकदा पोट बघून घ्यावं, त्यात तो विड्या ओढतो म्हणता. तू मला तीनदा सांगितलंस. मी तीनदा उडवून लावलं. दुखत नाही तर दाखवायचं कशाला? मी सडाफटिंग, ना बायको ना पोर, फुटलं तर फुटलं, कोण रडतंय? असं बोललो मी, तुझ्याच घरात, तुझ्या ताटात जेवून. तू ताट सारून उठलास. मी समजलो, राग आला. तुझ्या डोक्यात काय शिजतंय ते मला कुठे ठाऊक!

आठ दिवसांनी म्हणालास, "मंगळवारी माझ्याबरोबर चल. आणि उपाशी ये. नंतर दोघे मिळून मिसळ खाऊ." उपाशी कशाला, हा प्रश्न मला पडला नाही. मिसळीपुढे मला कुठले प्रश्न पडतात? परळला आपण बाकावर बसलो. तासाभराने आतून एक माणूस कागद घेऊन आला. "शांताराम गावडे!" तू हललाच नाहीस. त्याने पुन्हा पुकारलं. मी तुला कोपराने ढोसलं. तेव्हा तू माझ्याकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे बघत बोललास:

"येकदा माझ्या जाग्यार गेलंस, तां माका न इचारता. आज मी सांगतंय म्हणान जा."

दादा, अकरा अधिक किती वर्षांनी तू ते बोललास! आणि बोलायला जागा कुठली निवडलीस, तर रुग्णांनी भरलेलं बाकडं.  तो माणूस समोर येऊन उभा राहिला, "शांताराम गावडे तुम्ही का?" आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "हो."

आत गेलो. कपडे बदलले. दंडात सुई टोचली, अंगातून ऊन ऊन काहीतरी धावत गेलं आणि वाटलं, आता कपडे ओले होतात. मशीन हिंदीत म्हणाली, साँस रोकिए. मी श्वास रोखला आणि तुझ्या वाक्याचा विचार करत पडलो. माफी होती ती, की टोमणा? अजून नक्की सांगता येत नाही.

मिसळ अर्धी खाऊन झाली होती तेव्हा तुझा फोन वाजला. डॉक्टरीणबाईंचा आवाज मला इकडे ऐकू येत होता. "शांताराम, कुठे आहात? आहात तिथेच बसा, हलू नका. तुमची नळी दिसत नाही! फुगा परत आलाय, आधीपेक्षा मोठा! नळी गेली कुठे?" तू पाव तोंडात टाकलास, चावलास, गिळलास. मग शांतपणे म्हणालास, "नळी माझ्याकडेच आहे, डॉक्टरीणबाई. ती कुठे जाणार? जो फुगा दिसतोय तो माझ्या भावाचा."

त्यानंतर बाई जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. समोरासमोर गेल्यावर त्यांनी दुसरा हप्ता दिला. रक्त तपासलं तुझं आणि रंगाचं इंजेक्शन टोचलं मला, माझी मूत्रपिंडं निकामी असती तर? दुसऱ्याच्या नावावर रिपोर्ट गेला असता आणि उपचार भलत्याला झाले असते तर? "ही काय गिरणी आहे का, एकाच्या जागी दुसरा पाठवायला?" तू मान खाली घालून ऐकून घेतलंस. चुकलंच होतं आपलं, त्यात वाद नाही. कोणी असं करू नये, मी तर आता बाजारात ज्याला त्याला सांगतो. पण बाई दम घ्यायला थांबल्या तेव्हा तू विचारलंस, "ह्याचं कधी करणार?" त्या म्हणाल्या, "ह्यांना मी आता घरी सोडत नाही."

मला वरच्या मजल्यावर दाखल केलं. नळी मागवली, तपासण्या झाल्या, दहाव्या दिवशी बसवली. तू रोज यायचास, पेपर वाचून दाखवायचास, शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी भांडायचास. तुझ्या स्वतःच्या स्कॅनचं मी विचारलं तर म्हणायचास, "होयत, घाय काय हा?" मी घरी आलो, हिंडूफिरू लागलो, आणि तीन महिन्यांनी वहिनीने सांगितलं, ह्यांना उद्या दाखल करतायत, आत गळती आहे.  तुझी पाळी मी घेतली, तुझा स्कॅन राहिला, आणि राहिला म्हणून गळती तीन महिने कोणाला दिसली नाही. हा हिशेब मी त्या दिवशी केला आणि सात वर्षं तोच धरून बसलो.

तुझी गळती बंद झाली. मागच्या एका बारीक शिरेतून रक्त येत होतं, तिथे तारेची गुंडाळी बसवली आणि दुसऱ्या दिवशी तू पुन्हा गॅलरीत. त्यानंतरची वर्षं, खरं सांगतो दादा, आयुष्यातली बरी वर्षं होती. दोघांचा स्कॅन एकाच दिवशी, एकामागून एक. बाईंनी आपल्या दोघांच्या कागदांवर लाल पेनने लिहून ठेवलं होतं, चेहरा पाहून घ्या. बाहेर आलो की मोजमाप सुरू. तुझ्या फुग्याची पिशवी दोन मिलिमीटरने आकसली, माझी तीनने. "माझी जास्त आकसली." "तुझी होतीच मोठी, त्यात काय मोठेपणा?" वहिनी म्हणायची, जावा, शाळेत निकाल लागल्यासारखी नाचतात म्हातारी. मिसळ ठरलेली. आणि प्रत्येक वेळी, तर्रीत पाव बुडवताना, मला वाटायचं आता विचारावं. त्या वर्षी माझ्यामुळे तुझा स्कॅन चुकला, त्याचा राग आहे का तुला? प्रत्येक वेळी मी दुसराच पाव मागवला.

मग यंदा तुला खोकला झाला. खोकल्याचा ताप झाला, तापात श्वास लागायला लागला. इस्पितळात नेलं. मी काचेतून बघितलं तर तुझ्या तोंडावर मुखवटा होता आणि तू हाताने खूण केलीस, घरी जा. मी गेलो. आज्ञाधारक धाकटा भाऊ! तीच शेवटची खूण असेल हे माहीत असतं तर मुळीच गेलो नसतो. दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनीचा फोन आला.

तर तेराव्यानंतरचा तो इस्पितळाचा फोन ठेवून मी तसाच बसून होतो. संध्याकाळी वहिनीकडे गेलो आणि म्हटलं, मी काही जात नाही मंगळवारी. तिने तांदूळ निवडायचं थांबवलं. "कित्याक?" मी मग ते सगळं बोलून टाकलं, तुझी पाळी, तीन महिने, शेवटच्या दिवशीचा पोटाचा स्कॅन.  "भावजी, माका डॉक्टरांनी काय सांगितला तां त्या दिवशी कायच कळला नाय. माका पण जाणून घेवचा हा. तुम्ही जावा. आणि ह्यांचा काय झाला तां विचारून येवा." स्वतःसाठी मी गेलो नसतो. तिने पाठवलं म्हणून गेलो.

बाकावर एकटा बसलो. नाव पुकारलं, चेहरा पाहिला, आत गेलो, श्वास रोखला, सोडला. मग बाईंच्या खोलीत. त्यांनी माझी चित्रं उघडली. मी म्हटलं, "माझं नंतर. दादाचं सांगा. पिशवी फुटली ना?"

त्यांनी चष्मा काढला. "कोणी सांगितलं तुम्हाला? ते न्यूमोनियाने गेले. पोट थोडं फुगलं होतं म्हणून मीच खात्रीसाठी स्कॅन सांगितला." आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. दादा, तुझं कापड दिसलं. सरळ, जागच्या जागी, वरची कडी वर, खालच्या दोन्ही नळ्या पायांकडे गेलेल्या. भोवतालचा फुगा सुकून त्याला चिकटलेला. "इतकी आकसलेली पिशवी मी फार थोड्या लोकांची बघितलीय," त्या म्हणाल्या. "तिथे शेवटपर्यंत काही झालं नाही."

मला आधी रडू आलं. बाईंनी पाणी दिलं. मग मी म्हटलं, "पण त्या वर्षी माझ्यामुळे त्यांचा स्कॅन चुकला. गळती तीन महिने दिसली नाही."

"चुकला? कोणी सांगितलं?" त्यांनी खटाखट बटणं दाबली, तारीख माझ्यासमोर धरली. "ही बघा. तुमच्यानंतर सहाव्या दिवशी केलाय. तुम्ही वर खाटेवर होतात. गळती त्याच दिवशी दिसली. लहान होती. अशा गळत्या पुष्कळदा आपणहून बंद होतात, म्हणून तीन महिने थांबून पुन्हा बघायचं मीच ठरवलं. बंद झाली नाही, तेव्हा केली. एक दिवससुद्धा उशीर झाला नाही."

"मग मला का नाही सांगितलं?"

"ते म्हणाले, ह्याला सांगू नका. कळलं तर हा ऑपरेशन टाकून घरी पळेल. म्हणेल, आधी दादाचं करा." बाई हसल्या. "मला वाटलं, नंतर त्यांनी सांगितलं असेल."

नाही सांगितलंस. पळालो असतो हे मात्र खरं. पण नंतर? सात वर्षं? मी तुझ्याकडे चोरासारखा बघत होतो आणि तू समोर बसून शेव चिवडत होतास! एवढा राग आला मला तुझा, त्या खोलीतच, की रडणं थांबलं. मग वाटलं, तुला तरी काय कळणार? मी विचारलं नाही, म्हणून तू सांगितलं नाहीस. तू विचारलं नाहीस, म्हणून मी सांगितलं नाही. आपल्या घराण्याची ही खोड, तोंड फक्त लिंबांच्या भावावर घासाघीस करायला उघडायचं.

घरी येऊन वहिनीला सगळं सांगितलं. न्यूमोनिया, कापड जागच्या जागी, तारीख. तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "बघा, ह्यांका किती अक्कल होती ती." मग तिने मला पोटभर जेवायला वाढलं. तुझ्या पाटावर मी बसलो नाही, बाजूला बसलो.

माझी पिशवीही बरी आहे. गळती नाही. बाई म्हणाल्या, आता वर्षाआड आलात तरी चालेल, मध्ये साधी सोनोग्राफी. मी म्हटलं, मी दर वर्षीच येणार. विडी सोडून चार वर्षं झाली हे तुला माहीत आहे. बाजारात तो कांदेवाला आहे ना, ज्याचा भाऊ असाच अचानक गेला, त्याला मी काल हाताला धरून सोनोग्राफीला नेलं. त्याच्याच नावाने नेलं, काळजी करू नकोस.

आता तुझं माझ्यापासून काही लपलेलं राहिलं नाही. माझं तुझ्यापासून राहिलंय. ते सांगतो आणि थांबतो.

संपात मी आत गेलो ते पोटासाठी गेलो, असं सगळ्यांना सांगत आलो. आईच्या औषधाचंही सांगितलं. ते खोटं नाही, पण खरं कारण ते नाही. नऊ वर्षं मी रोज वेगळ्या माणसाच्या साच्यावर उभा राहिलो होतो. माझा असा एक साचा नव्हता. जॉबरने मला तुझ्या जागेवर उभं केलं तेव्हा तो म्हणाला, हे आता तुझे. मला माहीत होतं ते कोणाचे आहेत. तू रस्त्यावर उपाशी होतास हेही माहीत होतं. तरी दादा, मी साचे सुरू केले आणि मला आनंद झाला. चार महिने मी रोज आनंदाने गेलो. तू तोंड फिरवलंस त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा.

हे तुझ्यासमोर, डोळ्याला डोळा भिडवून सांगायला हवं होतं, धाडस झालं नाही. मला त्याची लाज वाटते आणि मी तुझी माफी मागतो. तरी तू मला आपल्या जागेवर पुन्हा पाठवलंस, या वेळी जगायला. रागाव आता, हवा तेवढा रागाव, ट्रंक पुन्हा दाराबाहेर टाक. बाई म्हणतात मला अजून पुष्कळ वर्षं आहेत. मी ऐकून घेईन.

तुझा,
वसंता